दर उन्हाळ्यात त्याच जागी उघडणारी भेग : छोट्या रेल्वे लेआउटच्या देखाव्यातील दोष आणि त्याचे निवारण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या लेआउटवर, म्हणजे पाटावर उभारलेल्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीवर, फलाटाच्या मागून जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या) शेडपर्यंत जाणारी एक भेग उघडत असे. मेअखेर तिच्यात पोस्टकार्डाची कड सहज उभी राही. जुलैमध्ये ती मिटत असे, पण नुसती मिटून थांबत नसे. तिचे दोन्ही काठ एकमेकांवर चढत, त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटे आणि रुळालगतची गिट्टी खड्याखड्याने मोकळी होई. तीन वर्षे मी ही भेग दर जूनमध्ये पुट्टीने भरली, रंगवली, तिच्यावर रंगीत भुसा टाकून ती झाकली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती त्याच रेषेवर परत उघडली. एकदा तर मी भरलेल्या पुट्टीचा सबंध पट्टा एका काठाला जसाच्या तसा चिकटून राहिला होता आणि भेग त्याच्या शेजारून गेली होती.

त्याच काळात आणखी दोन तक्रारी होत्या. स्टेशनच्या पुठ्ठ्याच्या भिंती पोट काढत असत, आणि पाऊस संपला की गिट्टीवर व पांदण (शेतात जाणाऱ्या) रस्त्यावर पांढरी भुकटी येत असे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे मला फार उशिरा सुचले. तिन्हींच्या मुळाशी पाण्याची ये-जा होती : लाकडात, मातीत, कागदात आणि गोंदात दर वर्षी शिरणारे व बाहेर पडणारे पाणी. त्यामुळे भेग भरत बसणे व्यर्थ होते. हालचाल थोपवता येईल तिथे थोपवावी, आणि जिथे येत नाही तिथे भेग कोणत्या रेषेवर पडावी हे आपण आधीच ठरवून द्यावे, या निष्कर्षावर मी आलो. त्याप्रमाणे केलेल्या दुरुस्त्या, त्यांच्या मागच्या कारणांसह, येथे देत आहे.

लेआउटची थोडी माहिती आधी द्यावी लागेल. मी मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद मार्गिका, जिला आम्ही सगळे शकुंतला म्हणतो, लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे लेआउटसाठी दुसरा विषय मनात आलाच नाही. त्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर. १:८७ या प्रमाणात ते ८.७६ मिलीमीटर होते, म्हणून ९ मिलीमीटरचा तयार रूळ जवळजवळ अचूक बसतो. लेआउटवर एक लहान स्टेशन, मागे कापसाची जिनिंग, पुढे तूर आणि कपाशीची शेते व एक नाला आहे. १९९४मध्ये वाफेचे इंजिन काढून डिझेल लावले गेले, त्याच्या थोडे आधीचा काळ मी धरला आहे. पाट सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. म्हणजे योगायोगाने संपूर्ण लेआउटची रुंदी खऱ्या शकुंतलेच्या दोन रुळांमधील अंतराएवढीच आहे. तो मी जुन्या सागवानी दरवाजाच्या फळ्या लांबीला जोडून, खाली चार आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून तयार केला होता. खोलीवर टिनाचे छप्पर आहे आणि उन्हाळ्यात तिथे कूलर चालतो. हे शेवटचे वाक्य त्या वेळी मला महत्त्वाचे वाटले नव्हते.

आधी भेग ओळखावी

माझा पहिला संशय पीओपीवर होता. बाजारातील पोते निकृष्ट असेल, पाणी जास्त झाले असेल, असे मी धरून चाललो. परंतु प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना आकसत नाही. उलट किंचित फुगते, आणि म्हणूनच साच्याचा बारीकसारीक तपशील ते उचलते. आकसते ती माती, आकसतो तो पाण्यात कालवलेला कागदाचा लगदा, आणि जाड थरात दिलेली पुट्टीही थोडी आकसते. निव्वळ पीओपीच्या कवचात सरळ, लांब भेग पडली असेल, तर बहुधा त्याच्या खालचे काहीतरी सरकले आहे असेच समजावे.

हे पडताळण्यासाठी मी जुन्या इमारतींची तपासणी करणाऱ्यांची पद्धत वापरली. भिंतीच्या भेगेवर ते काचेची पट्टी चिकटवतात आणि ती फुटली की भेग अजून जिवंत आहे असे समजतात. मी काचेऐवजी भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीने बारीक फुल्या काढल्या, व्हर्निअर कॅलिपरने त्यांच्यातील अंतर दर रविवारी मोजून वहीत लिहिले आणि शेजारी घड्याळाएवढे एक आर्द्रतामापक यंत्र ठेवले. मे ते ऑगस्ट या काळात पाटाची रुंदी एकूण ५ मिलीमीटरने वाढली. खिळ्यांनी आवळलेल्या फळ्यांना ही वाढ सगळीकडे सारखी वाटून घेता येत नव्हती, म्हणून ती एकाच सांध्यावर गोळा होत होती.

दुसरी नोंद अधिक बोलकी ठरली. मे महिन्यात दुपारी वीज गेलेली असताना खोलीतील आर्द्रता १८ टक्क्यांवर होती, आणि रात्रभर कूलर चालल्यानंतर पहाटे ती ६५ टक्क्यांपर्यंत चढली होती. आपल्याकडे मे महिना कोरडा असे आपण म्हणतो, आणि अंगणात तो असतोही. पण वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोरची खोली रोज रात्री आषाढात जाते आणि रोज दुपारी वैशाखात परत येते. सागवानी फळी इतक्या लवकर हलत नाही, तिला आठवडे लागतात. मात्र वरचा मातीचा पातळ थर, कागद आणि पुठ्ठा काही तासांत हलतात. म्हणजे माझ्या लेआउटवर दोन वेगवेगळ्या गतींची हालचाल चालू होती, एक ऋतूची आणि एक रोजची, आणि दोन्हींच्या भेगा वेगळ्या दिसत होत्या.

त्या कशा ओळखाव्या हे सांगतो. भेग लांब, सरळ आणि फळ्यांच्या सांध्याला समांतर असेल, तर दोष पाटाचा आहे. उन्हाने वाळलेल्या तळ्याच्या तळासारखी जाळी दिसत असेल, तर दोष मातीच्या थराचा आहे. इमारतीच्या बुडाशी चौकोनी रेघ उमटली असेल, तर इमारत जमिनीला घट्ट चिकटवलेली आहे आणि ती स्वतंत्रपणे लहानमोठी होत आहे. रुळाला लागून गिट्टीत रेघ पडत असेल, तर रुळाच्या सांध्यात मोकळी जागा ठेवलेली नाही. निकेल सिल्व्हरचा रूळ दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७ मिलीमीटर वाढतो. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारचे ४५ अंश धरले, तर सहा फुटांत तो एक मिलीमीटरहून थोडा अधिक लांब होतो. ही वाढ मोठी नाही, पण गिट्टी आणि स्लीपर गोंदाने जखडलेले असतील तर ती सुटायला जागा शोधते. साधारण मीटरभर अंतरावर अर्ध्या मिलीमीटरची फट ठेवली की हा प्रश्न संपतो आणि त्यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

पाटाचे काम

आमच्या गावच्या सुतारांना मी पाट उलटा करून दाखवला, तेव्हा त्यांनी आडव्या पट्ट्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, फयी पावसायात फुगते अन् उन्हायात आकसते. तुमी तिले चारी अंगानं खिये ठोकून बांधलं, मंग तिनं जावं कुठं?" निदान तिथेच पूर्ण झाले. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने फारसे वाढत नाही, पण आडव्या दिशेने बरेच वाढते. जुन्या दरवाजांमध्ये फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या बसवलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात, ते याच कारणाने. दरवाजाची फळी मी वापरली, पण दरवाज्याची रीत मात्र सोडून दिली होती.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सलग लाकडाच्या फळ्या वापरूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. प्लायवूडमध्ये थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीला फारच कमी हलते. त्यातही आयएस ७१० (मरीन प्रतीचा) शिक्का असलेले १२ मिलीमीटरचे प्लाय घ्यावे. साध्या एमआर प्रतीच्या प्लायपेक्षा त्याची किंमत बरीच जास्त असते, पण त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही. खालची चौकटही त्याच प्लायच्या तीन इंची उभ्या पट्ट्यांची करावी. सागाच्या किंवा आड्याच्या दांड्या वापरू नयेत. सर्वात दुर्लक्षित राहते ती कड. प्लायच्या वरच्या बाजूला रंग लागतो, खालची बाजू कोणी पाहत नाही म्हणून कोरी राहते, आणि कडेतून पाणी स्पंजसारखे आत जाते. एकाच बाजूला रंग असलेले प्लाय दुसऱ्या बाजूने ओल घेते आणि पाटासारखा सपाट तुकडा सुपासारखा होतो. देखाव्याचे काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजू आणि चारही कडा चपड्याच्या (लाखेच्या) दोन हातांनी बंद कराव्यात.

ज्यांचा लेआउट आधीच उभा आहे त्यांना हे शक्य नसते. मलाही नव्हते, त्या पाटावर सहा वर्षांचे काम होते. मी केले ते असे. पाट एका कडेवर उभा करून आडव्या पट्ट्यांतील सर्व खिळे काढले. प्रत्येक पट्टीचा मध्यबिंदू स्क्रूने पक्का केला. बाकीच्या जागी पट्टीत गोल छिद्राऐवजी लांबट छिद्र पाडले, पाटाच्या रुंदीच्या दिशेने सुमारे १० मिलीमीटर लांब, आणि त्यात वॉशर घालून स्क्रू असा आवळला की पट्टी धरून राहील पण फळी सरकू शकेल. आता फळ्या मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे मोकळेपणाने फुगतात व आकसतात.

यानंतरचे काम मनाला जड गेले. जी भेग मी तीन वर्षे बुजवत होतो, ती मी स्वतः कापून रुंद केली. फळ्यांच्या सांध्यावरून हॅकसॉच्या पात्याने देखावा पूर्ण लांबीत दोन भागांत वेगळा केला. मग त्या रेषेवर असे काहीतरी उभे केले की जिथे सांधा असणे स्वाभाविक दिसेल. आपल्या मुलखात अशी रेषा शोधायला लांब जावे लागत नाही : दोन शेतांच्या मधला धुरा, पांदण रस्त्याची कड, नाल्याचा काठ, काटेरी तारेचे कुंपण. माझ्याकडे सांधा चार फूट धुऱ्याखालून जातो आणि उरलेले दोन फूट नाल्याच्या काठाखालून. धुरा पातळ मलमलीच्या पट्टीवर बांधला आहे. पट्टीची फक्त एक कड, स्टेशनच्या बाजूची, गोंदाने पक्की केली आहे. दुसरी कड जमिनीवर नुसती टेकलेली आहे आणि तिच्यावर वाळलेल्या गवताची दाट झालर सोडली आहे. मे महिन्यात खाली ३ ते ४ मिलीमीटरची फट उघडते, आणि वरून पाहणाऱ्याला केवळ धुऱ्यावरचे गवत दिसते. खऱ्या मापात ही फट २६ ते ३५ सेंटीमीटर रुंद ठरेल. उघडी दिसली असती तर तिच्यात बैलगाडीचे चाक गेले असते.

रूळ हा सांधा ओलांडतो त्या एका जागी रुळालाही आरपार काप दिला आहे आणि दोन्ही बाजूंचे रूळ पितळी स्क्रूच्या डोक्यांवर झाळले आहेत. लोखंडी खिळे किंवा टाचण्या पीओपीत वापरू नयेत. ओल धरली की त्या गंजतात आणि तपकिरी डाग तीन-चार थर रंगातूनही वर येतो.

जमिनीचे उंचसखल कवच आता मी सरळ फळीवर घालत नाही. मध्ये २५ मिलीमीटर थर्माकोलचा थर असतो आणि तो फळीला मध्यभागी चार-सहा ठिपक्यांनीच चिकटवलेला असतो, म्हणजे फळीची हालचाल वर पोहोचत नाही. त्यावर जुन्या धोतराचे तुकडे पातळ पीओपीत बुडवून अंथरतो. पीओपी कालवताना पाण्यात पूड टाकावी, पुडीत पाणी ओतू नये. मापाने एक वाटी पाण्याला साधारण दोन वाट्या पूड लागते. पूड आपोआप भिजू द्यावी, मग हलक्या हाताने ढवळावी, आणि एकदा घट्ट होऊ लागली की पुन्हा पाणी घालून ढवळण्याचा मोह टाळावा, कारण असे दुसऱ्यांदा मोडलेले पीओपी वाळल्यावर खडूसारखे भुसभुशीत होते. पावसाळ्यात उघडे राहिलेले पोते हवेतील ओल पिते. वापरण्यापूर्वी एक वाटी कालवून पाहावी, आणि नखाने ओरखडा सहज उठत असेल तर ते पोते देखाव्याच्या कामातून बाद करावे.

काळी माती

या भागाविषयी मला सर्वात जास्त सांगायचे आहे, कारण चूक प्रेमापोटी झाली होती. शेत दाखवायचे तर आपल्याच शेतातली माती हवी, असा माझा आग्रह होता. नांगरटीची ढेकळे आणली, खलबत्त्यात कुटली, मैद्याच्या चाळणीतून आणि नंतर कापडातून गाळली, पातळ फेविकॉलमध्ये कालवली आणि दोन मिलीमीटरचा थर दिला. ओली असताना ती इतकी हुबेहूब दिसत होती की मी घरातील सगळ्यांना बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी दुपारी तिला जाळीदार तडे गेले, आणि प्रत्येक चकतीच्या कडा पानासारख्या वर उचलल्या गेल्या. एक चकती मी चिमटीने उलटी केली, तेव्हा खालच्या पीओपीचा पांढरा पापुद्राही तिच्याबरोबर निघून आला होता. आकसताना मातीने पायाच सोलून काढला होता.

कारण शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतील चिकणमातीचे कण आपल्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी ओढून घेतात आणि फुगतात. पाणी गेले की तितकेच आकसतात. शेतात उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात त्या याच गुणाने. कापसाला ओल धरून ठेवणारा जो गुण, तोच लेआउटवर घात करतो. गोंद कितीही वाढवला तरी हा गुण जात नाही, उलट गोंदाने बांधलेला थर अधिक जोराने ओढतो.

खात्री करून घेण्यासाठी कोणत्याही मातीचा लाडू वळून सावलीत वाळू द्यावा. तीन दिवसांनी तो तडकला असेल, तर ती माती थर म्हणून वापरू नये. मुरूम आणि घराच्या भिंतींना वापरतात ती पांढरी माती या परीक्षेत पुष्कळ बऱ्या ठरतात.

मग काळे शेत कसे करावे? मी आता गिट्टी खदानीवरच्या क्रशरची बारीक चुरी वापरतो. तो त्याच काळ्या दगडाचा चुरा आहे, मात्र त्यात फुगणारी चिकणमाती नसते, त्यामुळे तो पाण्याने हलत नाही. कापडातून गाळलेली चुरी, गडद तपकिरी अॅक्रेलिक रंग आणि पातळ गोंद यांचा थर द्यावा. तो ओला असतानाच वरून खरी काळी माती चिमटीने, तीटाची टिकली लावावी इतकी, भुरभुरावी आणि सुकल्यावर सैल कण ब्रशने झटकून टाकावेत. डोळ्यांना रंग खऱ्या मातीचा दिसतो आणि ताकद चुरीची असते. नांगरटीचे तास मी तुटक्या कंगव्याने ओढतो. मोठ्या दात्यांच्या बाजूने, बारीक दात्यांच्या बाजूने नाही, कारण बारीक तास या प्रमाणात पोत्याच्या कापडासारखे दिसतात.

रुळाखालच्या गिट्टीलाही हीच चुरी चालते. भारतीय रेल्वेच्या गिट्टीचा खडा ६५ ते २० मिलीमीटरच्या दरम्यान असतो. ८७ने भागले की तो पाऊण ते पाव मिलीमीटरचा होतो. चहाच्या गाळणीतून खाली पडलेला आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेला भाग त्या मापाच्या जवळ येतो. एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. काळ्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. चुरी कागदावर पसरून तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक पाच-सहा वेळा फिरवावे. चुंबकावर काळी लव उगवलेली दिसेल. ती गिट्टीत राहिली असती तर इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाने ती उचलली असती आणि मोटर हळूहळू अडकू लागली असती.

खारे पाणी

गिट्टीवरच्या पांढऱ्या भुकटीला मी आधी बुरशी समजलो. बुरशी असती तर ती भिंगाखाली कापसासारखी दिसली असती. ही मात्र मिठाच्या दाण्यांसारखी चकाकत होती. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा (जमिनीतले पाणी खारे असलेला पट्टा) अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि आमचे गाव त्यातच येते. गोंद पातळ करायला, गिट्टीवर फवारा मारायला, पीओपी कालवायला मी बोअरचेच पाणी वापरत होतो. पाणी उडून जाते, क्षार राहतात. पुढच्या पावसाळ्यात हवेतील ओल त्यांना पुन्हा विरघळवते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते पृष्ठभागावर येऊन बसतात. दर वर्षी झटकले तरी दर वर्षी येतात, कारण साठा आत आहे. रुळांच्या बाजूंवर हिरवट थर येणे आणि इंजिन अडखळणे हेही बरेचसे याच क्षारांमुळे होते.

आपले पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी ते चमचाभर काचेच्या तुकड्यावर उन्हात ठेवावे. काच पांढरी झाली तर ते पाणी लेआउटजवळ आणू नये. पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीचे पाणी स्वच्छ घागरीत धरून बाटल्या भरून ठेवाव्यात. ते संपले तर बॅटरीत घालायचे पाणी वापरावे. गोंद एक भाग, असे पाणी तीन भाग आणि भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक थेंब हे प्रमाण माझ्या हातात बसले आहे. थेंबाशिवाय गोंद गिट्टीवर मण्यासारखा उभा राहतो आणि खडे तरंगवून बाजूला सारतो. आधीच क्षार बसलेल्या भागावर पाणी मारून धुण्याचा प्रयत्न करू नये, त्याने क्षार आणखी खोल जातात. कोरड्या ब्रशने व व्हॅक्यूमने काढावेत. दोन-तीन वर्षांत ते कमी होतात. फारच असतील तर तेवढी गिट्टी उकरून नवी टाकणे हाच सोपा मार्ग आहे.

इमारती

स्टेशनची इमारत लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याची आहे. असा पुठ्ठा मजबूत आणि गुळगुळीत असतो आणि आमच्याकडे लग्नसराईनंतर त्याची वाण नसते. तिच्या लांब भिंती दर पावसाळ्यात फुगत, कारण मी त्यांना बाहेरूनच रंग दिला होता. प्लायच्या पाटाविषयी जे सांगितले तेच इथे लागू आहे : एका बाजूने बंद असलेला कागद दुसऱ्या बाजूने ओल घेतो आणि वाकतो. दुरुस्ती म्हणून छप्पर उचलून आतून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन हात दिले. चपड्यात पाणी नसल्यामुळे तो लावताना पुठ्ठा वाकत नाही. पाण्याच्या रंगाने मात्र तो लावता लावताच वाकतो. मग आतून दर दोन इंचांवर पुठ्ठ्याच्या उभ्या फासळ्या बसवल्या. नवी भिंत कापताना पुठ्ठा आधी दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज गुंडाळला जातो, त्या दिशेची घडी भिंतीच्या लांबीला समांतर येईल असा तुकडा कापला, की लांबी फारशी वाढत नाही पण भिंत उंचीकडून पोट काढण्याची शक्यता राहते. फासळ्या त्यासाठीच आहेत, म्हणून त्यांची दिशा आणि संख्या अंदाजाने सोडू नये.

अनेक जण पुठ्ठ्याऐवजी सनबोर्ड घेतात. ओलीच्या बाबतीत तो निर्धोक आहे, पण तो प्लास्टिक आहे आणि उष्णतेने पुठ्ठ्याहून खूप जास्त वाढतो. फूटभर लांबीची जिनिंगची शेड टिनाच्या छपराखालच्या खोलीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या मिलीमीटरहून अधिक लांब होते. जमिनीला गोंदाने बांधलेली असेल तर बुडाशी चौकोनी भेग पडणारच. म्हणून माझी कोणतीही इमारत आता जमिनीला चिकटवलेली नाही. प्रत्येकीसाठी पीओपीत जोत्याएवढा खड्डा ठेवला आहे, चारही बाजूंनी एक मिलीमीटर सैल, आणि इमारत त्यात नुसती बसते. फट भिंतीच्या पायाशी वाढणाऱ्या गवताने आणि सांडलेल्या सरकीच्या रंगाच्या भुशाने झाकली जाते. याचा आणखी एक लाभ असा की दुरुस्तीसाठी शेड उचलून टेबलावर आणता येते.

जिनिंगच्या टिनांविषयी थोडेसे. पन्हाळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांतील अंतर तीन इंच असते. १:८७ मध्ये ते ०.८८ मिलीमीटर होते, आणि ५ मिलीमीटरच्या साध्या बोल्टच्या आट्या ०.८ मिलीमीटरवर असतात. स्वयंपाकाचा अॅल्युमिनियम फॉइल जुन्या सायकलच्या ट्यूबवर ठेवून आटीची दांडी दाबून फिरवली की पत्रा तयार होतो. आटी तिरकी असल्यामुळे रेषा किंचित कलतात, तेव्हा दांडी तितकीच उलट तिरकी धरावी. हा पत्रा पुठ्ठ्याच्या छपराला सबंध पृष्ठभागावर चिकटवला तर उन्हाळ्यात तो फुगे धरतो. खऱ्या छपरात जिथे कैची आणि पट्ट्या असतात त्या तीन-चार रेषांवरच गोंद लावावा.

झाडांसाठी पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) बारीक मुळे उत्तम, पण त्यांतून पोखरणारे किडे लेआउटवर येतात. मुळे उकळून, कडक उन्हात आठवडाभर ठेवून मगच वापरावीत. खळीने काहीही चिकटवू नये. चिकटवायचेच असेल तर पुस्तक बांधणाऱ्यांप्रमाणे तिच्यात थोडे मोरचूद घालावे, ते विषारी आहे हे लक्षात ठेवून आणि लोखंडापासून लांब. कीड जावी म्हणून डांबराच्या गोळ्या मात्र लेआउटच्या पेटीत कधीही ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि इंजिनाचे प्लास्टिक दोन्ही मऊ पडून विद्रूप होतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

कूलर मी बंद करू शकत नाही, घरात वयस्कर माणसे आहेत. तो मात्र लेआउटच्या समोरच्या खिडकीतून काढून शेजारच्या खोलीच्या खिडकीत बसवला आहे. रात्री लेआउटवर जाड सुती चादर असते. प्लास्टिकचे आच्छादन मी एक पावसाळा वापरून पाहिले. आत घाम धरला आणि भुशाच्या गवतावर बुरशी आली. चादर टाकल्यापासून पहाटेची आर्द्रता चादरीखाली ४५ टक्क्यांच्या आसपास राहते. मातीच्या थरावरची जाळी त्यानंतर नव्याने कुठे पडलेली नाही.

राहिला प्रश्न हे काम कधी करावे याचा. मी पहिला पाट मे महिन्यात बांधला होता, म्हणजे फळ्या वर्षातील सर्वात आकसलेल्या अवस्थेत असताना. म्हणून पावसाळ्यात काठ एकमेकांवर चढत. ऑगस्टमध्ये बांधला असता तर भेग आणखी रुंद उघडली असती. दिवाळीच्या सुमारास लाकूड मधल्या मापाला असते. सांधा कापण्याचे, लांबट छिद्रांतील स्क्रू छिद्राच्या मध्यावर आवळण्याचे आणि इमारतींचे खड्डे घडवण्याचे काम तेव्हाच करावे. माझ्याकडे फलाटाच्या अचलपूरकडील टोकाला, जिथे जुना पीओपी अजून सरळ फळीवर आहे, तिथे एक बोटभर लांबीची भेग या मेमध्येही उघडली. फलाटाचा तेवढा भाग येत्या ऑक्टोबरमध्ये काढून त्याखाली थर्माकोल घालणार आहे.